सेलिॲक निघाला, आता गव्हाशिवाय घर कसं चालवायचं

डॉक्टरनं "गहू बंद, आयुष्यभर" म्हणून सांगितलं की घरातली माणसं दोन-तीन दिवस नुसती एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात, आईला तर वाटतं आता लेकराला खाऊ काय घालावं. आमच्या एकत्र कुटुंबात पुतणीला सेलिॲक निघाला तेव्हा आमच्याकडंही हेच झालं. पोरगी अंगानं वाळत चालली होती, पोट फुगलेलं, रक्त कमी, आयर्नच्या बाटल्यावर बाटल्या पाजूनही हिमोग्लोबिन वर येईना. शेवटी मोठ्या डॉक्टरकडं टेस्ट झाली आणि नाव कळालं. तेव्हापासून आमचं सैपाकघर मीच बघते, त्यामुळं जे काही रोजच्या करण्यातून कळालं ते सगळं इथं सांगते, जरा लांबेल पण वाचा.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे जीवाला धीर येईल. आपण मराठवाड्यातली माणसं, आपल्या ताटात ज्वारी आहे. पंजाब-दिल्लीकडं हाच आजार निघाला की बिचाऱ्यांचं अख्खं ताटच बदलतं, आपल्याकडं आजीच्या हातची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात हे सगळं जसंच्या तसं चालतंय. आपल्याकडं घात होतो तो गिरणीत, काथवटीत, पंगतीत आणि "थोड्यानं काय होतंय" म्हणणाऱ्या पाहुण्यांपाशी. म्हणून मी खाण्याच्या यादीपेक्षा या जागांवर जास्त बोलणार आहे.

टेस्ट पूर्ण झाल्याशिवाय गहू सोडू नका

हे उलटं वाटंल पण फार महत्त्वाचं आहे. सेलिॲकमध्ये गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळं शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उठते, अन्नरस शोषून घेणारी बारीक बारीक बोटं झिजून सपाट होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्तात टीटीजी आयजीए नावाची टेस्ट करतात, सोबत एकूण आयजीए (रक्तातलं एक प्रतिकारक द्रव्य) सुद्धा बघतात कारण ज्यांच्या अंगात आयजीएच कमी असतं त्यांची टीटीजी खोटी नॉर्मल येऊ शकते. त्यानंतर बहुतेकांची दुर्बिणीनं तपासणी करून आतड्याचा तुकडा घेतात. लहान मुलांमध्ये टीटीजीचा आकडा फारच जास्त असंल तर काही वेळा डॉक्टर बायोप्सीशिवायही निदान करतात, पण ते त्यांनीच ठरवायचं. आता टेस्टच्या आधीच कुणाच्या सांगण्यावरून गहू सोडला तर आतडं सुधारायला लागतं, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरं काय ते कळतच नाही, नंतर पुन्हा गहू खाऊन टेस्ट करायची वेळ येते. म्हणून नुसतं पोट फुगतंय तर गहू सोडून बघ असं करू नका, आधी रक्त द्या.

आणि प्रत्येकाला हगवणच लागते असं नाही. कुणाची उंची खुंटते, कुणाला सारखं तोंड येतं, कुणाची हाडं दुखतात, कुणाला फक्त रक्त कमी. त्यामुळं "याला तर जुलाब नाहीत, मग कसला आजार" असं म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका.

काय बंद

गहू, जव म्हणजेच सातू, आणि राय (मोहरी-राई नव्हे, गव्हासारखंच एक धान्य). राय आपल्याकडं मिळत नाही फारसं. गहू म्हणजे कणिक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, टोस्ट, खारी, बिस्किट, नूडल्स हे सगळं. खपली गहू चालतो, जुना देशी गहू चालतो, असं लई जण सांगतात. नाही चालत. खपली असो, बन्सी असो, लोकवन असो, गहू तो गहूच, ग्लूटेन सगळ्यात आहे. उन्हाळ्यात घालतो त्या कुरडया गव्हाच्या चिकाच्या, त्या बंद. तांदळाच्या पापड्या, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचे पापड बिनधास्त. सातूचं पीठ बंद. दुधात टाकायच्या माल्टच्या पावडरी बंद, कारण माल्ट जवाचा असतो, मोठ्यांसाठी बीअर त्याच कारणानं बंद. चायनीजच्या गाड्यावरचा सोया सॉस बहुतेक गव्हाचाच असतो.

ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे हिंग. बाजारातला खडा किंवा पावडर हिंग हा नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं आणि ते पीठ पुष्कळदा मैदाच असतो. रोज दोन वेळा फोडणीत तो पडतो आणि घरच्यांना वाटतं आपण तर गहू पूर्ण बंद केलाय मग पोरीचा टीटीजीचा आकडा खाली का येईना. डबीवर साहित्य वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो तो आणा, नाही मिळाला तर लसूण-जिऱ्यावर भागवा.

थालीपिठाची भाजणी विकतची असंल तर त्यात गहू असतोच म्हणून धरा. धपाट्यातही बऱ्याच घरी चांगले थापता यावेत म्हणून मूठभर कणिक टाकायची सवय असते.

ओट्सचं वेगळं आहे. त्यात मुळात ग्लूटेन नाही पण शेतात आणि कारखान्यात गव्हासोबतच फिरतात, शिवाय थोड्या पेशंटना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. सुरुवातीचं वर्षभर तरी नकोच, नंतर डॉक्टरला विचारून.

थोडं म्हणजे किती

एका पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलेलं आहे. हिशोब करा, पोळीचा पन्नासावा-साठावा तुकडा, म्हणजे नखावर मावेल एवढा. आपल्याकडं पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं असंल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन पाहिजे असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा नियम आहे. घरात सासू-सासरे, आत्या, मामा कुणी "एक घास खाऊ दे की गं लेकराला" म्हणालं तर रागावू नका, हा पोळीचा हिशोब त्यांना समोर करून दाखवा. आमच्या घरात मोठ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला पण एकदा पटल्यावर आता त्याच सगळ्यात कडक आहेत, पाहुण्यांच्या हातातलं बिस्किट त्याच काढून घेतात.

खाल्ल्यावर लगेच काही झालं नाही म्हणजे चाललं, असंही समजू नका. कुणाला तासाभरात उलटी होते, कुणाला बाहेरून काहीच कळत नाही आणि आतलं नुकसान मात्र चालूच राहतं.

ज्वारी आणायची कशी, दळायची कुठं

इथंच खरी मेहनत आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण ज्वारी ज्या वाटेनं घरी येते त्या वाटेत गहू भेटत राहतो. मळणीयंत्र तेच, पोती तीच, मोंढ्यात ढीग शेजारी शेजारी. म्हणून जमत असंल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून, ज्याच्या रानात रब्बीला नुसती ज्वारी आहे अशाकडून वर्षाची ज्वारी एकदम घ्या, आणि भरायला नवीन पोती न्या. गव्हाच्या रिकाम्या पोत्यात ज्वारी भरली की शिवणीत अडकलेले दाणे आणि पीठ सोबत येतं. रेशनचा गहू आणि ही ज्वारी एका कणगीत, एका कोपऱ्यात ठेवू नका.

दळण काढताना सुपात घेऊन नीट निवडा. उजेडात बसा, ज्वारीचा दाणा गोल मोत्यासारखा आणि गव्हाचा लांबट, मधी चीर पडलेला, लगेच ओळखू येतो. निवडून झाल्यावर पाण्यातून काढा, गच्चीवर स्वच्छ धडप्यावर कडक वाळवा, मग दळा. धुतल्यानं वरची धूळ आणि पीठ निघून जातं.

आता गिरणी. कितीतरी गिरण्यांत गव्हाची चक्की वेगळी आणि ज्वारीची वेगळी असते, ते बघून लोक निश्चिंत होतात. पण गिरणीत एकदा उभं राहून बघा, हवेत पांढरं पीठ तरंगत असतं, मालकाच्या भुवयांवर बसलेलं असतं, खाली लावायचा डबा, झाडायचा ब्रश, कापडी पिशवीचं तोंड सगळं एकच, आणि लाईट गेली-आली की घाईत ज्वारीच्या चक्कीवरही कुणाचा तरी गहू पडतो. त्यामुळं सेलिॲकवाल्या घरानं पहिला मोठा खर्च करायचा तो घरघंटीचा. महागाची आहे, मान्य, पण डॉक्टरच्या चकरा आणि पोराची खुंटलेली वाढ यापुढं काही नाही. आणि तिच्यात गहू कधीच नाही, शेजारणीनं मागितली तरी नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, नाचणी एवढंच. घरघंटी आणलेल्या दिवशीच वर कागद चिकटवून टाका म्हणजे कुणाला तोंडानं नाही म्हणायची वेळ येत नाही. डाळीचं पीठ, तांदळाचं पीठसुद्धा घरीच दळा, सुटं बेसन कुठल्या चक्कीवर दळलंय आपल्याला काय माहीत.

घरघंटी जमेपर्यंत काय? घरात जातं असंल आणि त्यावर कधी गहू दळला जात नसंल तर उत्तम. चार भाकरीपुरतं पीठ मिक्सरमध्येही निघतं, थोडं थोडं फिरवायचं आणि स्वतःच्या वेगळ्या चाळणीनं चाळायचं, वरचा रवा राहील त्याची ज्वारीची कणेरी किंवा उप्पीट करा. अगदीच गिरणीशिवाय पर्याय नसंल तर मालकाला आजार समजावून सांगा, सकाळी गिरणी झाडून-पुसून घेतल्यावर पहिलं दळण आपलं लावा, आणि त्यातलं आधीचं दोन-तीन किलो पीठ बाकीच्या घरच्यांसाठी वेगळं काढा, नंतरचं पेशंटसाठी ठेवा. यानं धोका कमी होतो, जात नाही, म्हणून ही तात्पुरती सोय समजा.

रोज ज्वारीच खायची आहे तर वाण कोणता तेही बघा. चवीला मालदांडी शाळूसारखं काही नाही हे खरंच, पण रक्त कमी असणाऱ्यांसाठी सांगते, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे वाण लोह आणि जस्त जास्त असावं म्हणूनच काढलेलं आहे. स्वतःचं रान असंल तर थोडं पेरून बघा.

सैपाकघरात काय वेगळं पाहिजे

सगळंच नवं घ्यायची गरज नाही. स्टीलची भांडी, काचेचे ग्लास, ताटं घासून स्वच्छ निघतात. वेगळं पाहिजे ते जिथं पीठ मुरतं किंवा अडकतं. लाकडी काथवट, पोळपाट, लाटणं, चाळणी, जुना काळा पडलेला तवा, लाकडी उलथनं, तळणाचा झारा, भाकरीचं दुरडं. काथवटीच्या लाकडात वर्षानुवर्षाची कणिक बसलेली असते, ती कितीही धुतली तरी नाही निघत, त्यापेक्षा भाकरीसाठी स्टीलची परात घ्या. तवा नवीन लोखंडी घ्या आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा नाहीतर रंग लावून ठेवा, घरात चार बायका सैपाक करत असतील तर खूण लागतेच.

क्रम पाळा. आधी भाकरी, झाकून वर ठेवायच्या, मग पोळ्या. कणिक चाळताना, मळताना पीठ उडून शेजारच्या उघड्या भाजीत पडतं म्हणून भाज्या झाकलेल्या. तुपाच्या, लोणच्याच्या, चटणीच्या बरणीत पोळी लागलेला चमचा जातो, सगळ्यात सोपं म्हणजे पुतणीच्या नावाची छोटी बरणी वेगळी. ज्या तेलात पुऱ्या-करंज्या तळल्या त्यात तिचे पापड तळायचे नाहीत.

खरं सांगू का, आम्ही हळूहळू घरातला गहूच कमी केला. दोन्ही वेळा सगळ्यांना भाकरी, आणि पोळी अधूनमधून. कामही निम्मं झालं आणि पोरीलाही आपण वेगळं बसलोय असं वाटत नाही. माझं स्पष्ट मत आहे, लहान मूल पेशंट असंल तर घरानं शक्य तेवढं त्याच्या ताटासारखं ताट वाढून घ्यावं.

रोजचं ताट

सकाळी चुरमुऱ्याची सुशीला, पोहे, भगर, ज्वारीचं उप्पीट, आंबील. शाळेच्या डब्यात धपाटे: ज्वारीचं पीठ दोन वाट्या, डाळीचं पीठ अर्धी वाटी, थोडं तांदळाचं, तीळ, ओवा, लसूण, मिरची, हळद, कोथिंबीर किंवा मेथी, दह्यात भिजवायचं. कणकेशिवाय मोडतात अशी तक्रार असते, त्यावर उपाय म्हणजे निम्म्या ज्वारीच्या पिठाची आधी उकड काढायची, पाणी खळखळ उकळलं की मीठ टाकून पीठ टाकायचं, झाकून गॅस बंद, कोमट झाल्यावर बाकीची पिठं घालून चांगलं तिंबायचं. ओल्या फडक्यावर थापा, एकही मोडत नाही. भाकरीचंही तेच, पीठ जुनं होऊन विरी गेली असंल तर आधणाचं पाणी घ्या. तशी घरघंटी असली की दर चार-आठ दिवसाला ताजं दळता येतं, विरी जायचा प्रश्नच राहत नाही.

शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी, तुरीचं वरण, पालेभाजी, दही, अंडी, खात असाल तर मटण-मासे. फक्त भातावर दिवस काढू नका, त्यानं पोट भरतं पण लोह, बी जीवनसत्त्वं, फायबर सगळं कमी पडतं आणि बद्धकोष्ठ होतं. शहरात ग्लूटेन फ्री म्हणून बिस्किटं, केक, पाव मिळतात, वाढदिवसाला ठीक आहे, पण ते महाग असतात आणि त्यात स्टार्च आणि साखरच जास्त. रोजच्याला राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे बरे.

सुरुवातीला काही जणांना दूध सोसत नाही, आतडं झिजल्यामुळं दुधातली साखर पचत नाही. ते बहुतेकदा तात्पुरतं असतं. तोवर दही-ताकावर ठेवा, आतडं सुधारलं की दूध हळूहळू चालू करता येतं.

सण, प्रसाद आणि पंगत

उपवासाचे दिवस आपल्यासाठी सोपे. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळं, एकातही गहू नाही. फक्त सुटं तयार भगरीचं पीठ बाजारातून आणू नका, ते कुठं दळलं हे कळत नाही, आणि जुन्या खराब झालेल्या पिठानं विषबाधेचे प्रकार नवरात्रात आपल्याकडं होतातच. अख्खी भगर आणा, निवडा, घरीच दळा.

येळवशीला (वेळा अमावस्येला) बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील, ज्वारीची भाकरी ही सगळी आपलीच. बंद ती गव्हाची खीर, त्याऐवजी आम्ही तांदळाची गुळातली खीर करतो. भज्जीच्या फोडणीतला हिंग तेवढा बघा. शेतात दहा घरचे डबे उघडतात, तिथं कुणाचा चमचा कुठं जाईल सांगता येत नाही, म्हणून पेशंटचं आधी वाढून घ्या आणि मग बाकीच्यांचा हात लागू द्या.

पुरणपोळीचं सगळ्यात वाईट वाटतं लेकरांना. पुरण आणि कटाची आमटी तर चालतेच. तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यात पुरण भरून कानोले उकडा, वरून तूप. पोळीची चव नाही येत हे मान्य, पण सणाला ताटात पुरण येतं.

सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, म्हणजे गहू. घरी पूजा असंल तर प्रसाद तांदळाच्या रव्याचा किंवा राजगिऱ्याचा करा. दुसऱ्याच्या घरी पंचामृत आणि फळ घ्यावं. नांदेडला हुजूर साहिबला कडा प्रसाद मिळतो तो गव्हाच्या पिठाचा असतो, दोन्ही हातांनी घ्यायचा, माथ्याला लावायचा आणि सोबतच्या माणसाला द्यायचा. आमच्या पोरीला हे करताना कुणीही कधी टोकलं नाही.

लग्नात घरून जेवून जा, हे सगळ्यात चांगलं. जेवायचंच असंल तर आचाऱ्याला पंगत बसायच्या आधी गाठा, साधा भात पातेल्यातून वरचा घ्या. वरणाला हिंग पडलाच असणार, म्हणून डब्यात घरचं वरण नाहीतर दही-चटणी ठेवा. बुंदी डाळीच्या पिठाची असली तरी कढई पुरीचीच असते, सोडून द्या. भाकरी मिळणाऱ्या हॉटेलातही विचारा की त्याच तव्यावर पोळी भाजता का, थापताना हाताला कोणतं पीठ लावता.

एसटीनं, रेल्वेनं जाताना भाकरी-चटणी, शेंगदाणे, केळी, लाह्या. शाळेत वर्गशिक्षकांना लिहून द्या, डॉक्टरची चिठ्ठी जोडा, वाढदिवसाची चॉकलेट-बिस्किटं वाटतात त्या दिवसासाठी बाईंच्या कपाटात तिचा वेगळा खाऊ ठेवा. खेळायची विकतची रंगीत क्ले कधीकधी गव्हाच्या पिठाची असते आणि लेकरं हात तोंडात घालतात, तेही सांगून ठेवा. अंगणवाडीतून येणारी पाकिटं साहित्य वाचल्याशिवाय द्यायची नाहीत.

औषधाच्या दुकानात गोळी घेताना आजार सांगा, गोळ्यांत स्टार्च असतो, बहुतेक मक्याचाच असतो पण विचारायला काय जातंय. आणि "चूर्णानं सेलिॲक मुळापासून बरा करतो, मग पोळी खा" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. आज या आजाराला पथ्य हाच एक इलाज आहे.

पुढच्या तपासण्या

पथ्य नीट पाळलं तर पोट फुगणं, जुलाब, चिडचिड काही आठवड्यांत कमी व्हायला लागते, भूक वाढते. आतडं मात्र आतून भरून यायला महिने लागतात, मोठ्या माणसांना तर दोन वर्षंही लागू शकतात, म्हणून घाबरू नका आणि बरं वाटलं म्हणून ढिलंही सोडू नका. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा करतात, आकडा उतरत गेला पाहिजे. उतरत नसंल तर लेकराला रागवायच्या आधी हिंग, गिरणी, तवा, मसाला, शाळेचा डबा एकेक करून तपासा, बहुतेक वेळा गहू यातूनच येत असतो. हिमोग्लोबिन, लोह, बी१२, ड जीवनसत्त्व, थायरॉईड डॉक्टर सांगतील तसं बघत राहा, मुलांची उंची-वजन दर तीन महिन्यांनी भिंतीवर किंवा वहीत लिहा, मोठ्यांना हाडांची तपासणी लागू शकते.

आणि घरात एकाला निघाला की त्याचे आईवडील, सख्खे भाऊ-बहीण, लेकरं सगळ्यांची टीटीजी करून घ्या, त्रास असो वा नसो. हा आजार रक्ताच्या नात्यात येतो आणि जवळच्या नातलगांत दहात एकाच्या आसपास निघू शकतो. टाईप १ डायबेटीस असलेल्या मुलांनाही हीच टेस्ट डॉक्टर सांगतात. ती होईपर्यंत त्या बाकीच्यांचा गहू चालूच ठेवा.